नमुना प्रत

दिवाळीची अडतीस शुभेच्छापत्रं नीला स्वतःच्या हातांनी करायची आणि त्यांतला मजकूर तिचा नवरा सुधीर लिहायचा. नवरात्र संपलं की लखनौच्या तेलीबागेतल्या त्यांच्या घरी जेवणाच्या टेबलावर जेवण होत नसे. तिथे कार्डपेपर, फेविकॉल आणि सोनेरी कागदाची कात्रणं मुक्कामाला येत, आणि ही दोघं मांडीवर ताटं घेऊन टीव्हीसमोर बसत.

नीलाकडे एक वही होती. पहिल्या रकान्यात नाव, दुसऱ्यात पत्ता आणि तिसऱ्यात कार्डाचं पुढे काय झालं ते. शेजारच्या शुक्ला आंटींनी फ्रिजवर लावलं. नागपूरच्या अभयने व्हॉट्सॲपवर अंगठा पाठवला. मागच्या गल्लीतल्या मिश्रांनी डुगडुगणाऱ्या शेगडीच्या पायाखाली सारलं. हे तिने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. तिने मिश्रांचं नाव कापलं नाही. पुढच्या वर्षी त्यांना जरा जाड कागद वापरला.

वहीच्या शेवटच्या पानावर एकच नाव होतं. नंदा, सातारा. त्यापुढचा तिसरा रकाना चार वर्षं कोरा होता, कारण चार वर्षं तिला काही पाठवलंच नव्हतं.

नंदा ही नीलाची धाकटी बहीण. लहानपणी दोघी मिळून आकाशकंदील करायच्या. नंदा घडी घालायची, नीला कापायची. नंदाची घडी अशी की कागद जन्मतःच दुमडलेला होता असं वाटावं. लग्न होऊन नीला लखनौला आली आणि घड्याही तिच्याच गळ्यात पडल्या. तेव्हापासून तिचं प्रत्येक कार्ड किंचित डावीकडे कलतं.

भांडण झालं ते रुचिराच्या, म्हणजे नीलाच्या मुलीच्या, लग्नपत्रिकेवरून. मसुदा सुधीरने केला. तो मानक नगरला रेल्वेच्या कार्यालयात चौतीस वर्षं हिंदी अनुवादक होता. कागद दिसायला नीट असला म्हणजे आतलं सगळं नीट असतं, अशी त्याची श्रद्धा होती. पत्रिकेच्या तळाशी 'आपले नम्र'खाली डावीकडे आठ नावं बसली आणि उजवीकडे नऊ. तोल जातो म्हणून त्याने उजवीकडचं शेवटचं नाव काढलं. ते नंदाचं होतं.

"'आणि समस्त परिवार' लिहिलंय की खाली. त्यात येतेच ती," सुधीर म्हणाला होता.

नंदा लग्नाला आली नाही. तिने अक्षता पोस्टाने पाठवल्या. आणि नीलाने, नवऱ्याला चार शब्द सुनावायचे सोडून, बहिणीलाच फोनवर सुनावलं, "एवढ्याशा नावासाठी रुसायचं वय आहे का तुझं?" त्यानंतर चार वर्षांत दोघींचं बोलणं नाही.

यंदा नीलाने एकोणचाळिसावं कार्ड केलं. उघडलं की दोन खिडक्यांचं घर उभं राहायचं आणि दारात दोन वेण्यांच्या दोन मुली, एकाच कागदातून कापलेल्या, हातात हात अडकवलेल्या. घडी वाकडी आल्यामुळे उजवीकडची मुलगी दुसरीच्या अंगावर कलली होती. आत नीलाने स्वतः लिहिलं: 'चूक माझीच होती. चार वर्षं झाली. तू नाहीस तर घर रिकामं वाटतं. वरची खोली झाडून ठेवली आहे. ये. हवे तितके दिवस राहा. नीला.'

वर नाव लिहायचं राहिलं. 'प्रिय नंदा' लिहावं तर चार वर्षांनी ते परक्यासारखं वाटे, आणि नुसतं 'नंदे' लिहायचा हक्क अजून आपला आहे की नाही, हे तिला ठरवता येईना. म्हणून तिने जागा सोडली. पाठवायचा धीर झालाच तर हाताशी असावं म्हणून ते कार्ड गठ्ठ्यावर सगळ्यात वर ठेवलं आणि ती कुकर उतरवायला गेली.

आता या घरची पद्धत अशी की, गठ्ठ्यावरचं पहिलं कार्ड म्हणजे नमुना. त्यावर नीला वर्षाचा मजकूर लिहायची आणि सुधीर तो बाकीच्या कार्डांत उतरवायचा. मराठी माणसांना मराठीत आणि लखनौवाल्यांना हिंदीत. सुधीरने चष्मा लावला, वरचं कार्ड उघडलं. मजकूर होता. वर कोरी जागा होती. कोरी जागा म्हणजे नाव भरायची जागा. चौतीस वर्षं त्याने दुसरा अर्थ पाहिला नव्हता. मजकुरात काय म्हटलंय याकडे लक्ष द्यायची सवय तर त्याने नोकरीच्या पहिल्याच महिन्यात सोडली होती.

दोन दिवसांत चौदा कार्डं मराठीत झाली, चोवीस हिंदीत. हिंदीत त्याने 'तू'चं 'आप' केलं. 'भूल मेरी ही थी। चार वर्ष हो गए। आपके बिना घर सूना लगता है।' खाली नीलाचं नाव. अक्षर मोत्यासारखं. शेजाऱ्यांची कार्डं हातोहात दिली, बाकीची पोस्टात टाकली.

"वरचं गेलं का हो?" नीलाने पोळी लाटता लाटता विचारलं. नंदाचं नाव तिने घेतलं नाही. ते सुधीरसमोर घेतलं की तो पत्रिकेतल्या तोलाबद्दल पुन्हा बोलायला लागे.

"वरच्याप्रमाणे सगळी गेली," सुधीर म्हणाला.

लाटणं क्षणभर थांबलं. मग ती पोळी नकाशासारखी झाली, आणि सुधीरने ती तशीच खाल्ली.

त्या दिवसापासून नीला वाट बघू लागली. साताऱ्याला पोचायला पाच दिवस, उघडायला नंदाला एक, राग गिळायला दोन. आठव्या दिवशी फोन. असा तिचा हिशेब. मोबाईल ती देवघरातही नेऊ लागली. वरच्या खोलीतली चादर तिने तीनदा बदलली, तिथे झोपलं कुणीच नव्हतं.

नंदाच्या आधी शुक्ला आंटी आल्या. दार उघडताच त्यांनी नीलाला मिठी मारली.

"नीलाजी, हमने तो आपको उसी दिन माफ़ कर दिया था."

"किस दिन?" नीलाने विचारलं.

"अरे, अब छोड़िए. करवा चौथ पर आपने हमारी साड़ी को परदा कह दिया था. हमने दिल में रखा ही नहीं." दिलात न ठेवलेली ही गोष्ट त्यांनी तारीख, वार आणि साडीच्या काठासकट सांगितली. जाताना म्हणाल्या, "और घर सूना लगे तो आवाज़ दे दीजिए, बहन. दीवार ही तो बीच में है."

दुसऱ्या दिवसापासून त्या सकाळ-संध्याकाळ येऊ लागल्या. घर सुनं राहू नये म्हणून.

तिसऱ्या दिवशी रिझवीसाहेब आले. हे सुधीरचे जुने अधिकारी. रेवडीचा डबा त्यांनी टेबलावर ठेवला.

"भाभीजी, आपने भूल अपने सर ले ली, यह आपका बड़प्पन है," ते म्हणाले. "भूल हमारी थी. सुधीर साहब की रिपोर्ट में 'औसत' हमने लिखा था. प्रमोशन उसी से रुका."

सुधीरच्या हातातली रेवडी हातातच राहिली. ते 'औसत', म्हणजे 'साधारण', कुणी लिहिलं, या प्रश्नावर त्याने अकरा वर्षं तीन निरनिराळ्या माणसांशी बोलणं टाकलं होतं, आणि रिझवीसाहेबांना मात्र दर ईदला मिठाई नेली होती.

"कोई बात नहीं, सर," तो म्हणाला. लखनौत इतकी वर्षं काढल्यावर दुसरं काही तोंडातून येत नाही.

"मला कळत नाही," रिझवीसाहेब गेल्यावर नीला म्हणाली, "यंदा सगळ्यांना झालंय तरी काय?"

उत्तर रुचिराकडून आलं. ती हैदराबादला राहायची, आईचं मराठी ऐकायची आणि हिंदीत बोलायची.

"मम्मी, सच बताओ. तबीयत ठीक है ना?"

"मला काय झालंय?"

"तो फिर मुझसे माफ़ी क्यों माँग रही हो? 'प्रिय रुचिरा, चूक माझीच होती.' मैं तो ऑफ़िस में बैठके रो पड़ी. और चार साल से घर रिकामं है तो पहले बोलना था ना, यार."

नीलाने फोन कानापासून दूर धरला, त्याच्याकडे पाहिलं आणि पुन्हा कानाला लावला. "पुढे काय लिहिलंय?"

रुचिराने वाचलं. 'वरची खोली झाडून ठेवली आहे' इथपर्यंत आल्यावर नीलाने फोन ठेवला आणि ती बाहेरच्या खोलीत गेली. सुधीर पेपरातलं शब्दकोडं सोडवत होता.

"अहो, तुम्ही यंदा कार्डांत काय लिहिलंत?"

"तू दिलंस ते."

"सगळ्यांना?"

"अडतीसच्या अडतीस. मजकूर जरा लांबलेला होता, पण मी म्हटलं, असेल तुझ्या मनात काही."

"होतं," नीला म्हणाली. "नंदासाठी होतं."

सुधीरने पेन्सिल खाली ठेवली. त्याला सगळं एकदम नाही, ओळीओळीने कळलं. कागद समजायची त्याची तीच रीत होती.

"मग तिचं कार्ड कुठंय?" नीलाने विचारलं.

"नमुना प्रत कुणी पाठवतं का? फाइलला आहे."

फाइल आली. नीट होती. वर 'दिवाळी' असं लिहिलेलं. पंचिंग मशीनने दोन भोकं पाडून कार्ड आत ओवलेलं होतं. एक भोक घराच्या भिंतीतून गेलं होतं आणि दुसरं कललेल्या मुलीच्या वेणीतून.

नीलाने ते सोडवून घेतलं. ती रडली असती तर सुधीरला सोपं गेलं असतं.

"मी आत्ता स्पीड पोस्टाने पाठवतो," तो म्हणाला.

"आधी पत्रिकेतून नाव काढलं, आता वेणीला भोक पाडलं. हे पाठवू तिला?"

"मग सगळ्यांना एक शुद्धिपत्रक काढतो. 'आमच्या दिवाळी पत्रातील मजकूर रद्द समजावा.' अडतीस प्रती."

"काही काढू नका," नीला म्हणाली आणि कार्ड पर्समध्ये ठेवून वरच्या खोलीत जाऊन बसली. आठवा दिवस होऊन गेला होता, आणि ज्या फोनची ती वाट बघत होती त्याला यायचं काही कारणच नव्हतं, हे तिला आज समजलं. तरी खालून मोबाईल वाजला तेव्हा ती जिना दोन-दोन पायऱ्यांनी उतरली.

साताऱ्याचाच होता, पण रावसाहेबकाकांचा. ते नीलाचे चुलते, वय एक्याऐंशी.

"पत्र मिळालं बरं का, पोरी. मला आलं वाचून भरून. आता चूक कुठली ते काही आठवेना, पण तू एवढं म्हणतेस तर असेल. खोली झाडलीयस ना? तिकीट काढलंय. वसुबारसेला पोचतो."

"काका, एकटे कसे याल?"

"सोबत आहे," काका म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवला.

वसुबारसेला चारबाग स्टेशनवर गाडी पन्नास मिनिटं उशिरा आली. डब्यातून आधी पत्र्याची ट्रंक उतरली, मग काका उतरले आणि त्यांच्या मागून, काकांची काठी, पाण्याची बाटली आणि कानटोपी सांभाळत, नंदा.

केस पांढरे झाले होते. वेणी तशीच होती.

"मी आलेले नाही," नंदा प्लॅटफॉर्मवर पाय ठेवताच म्हणाली. "ह्यांना पोचवायला आलेय. परवाची गाडी आहे माझी."

"बरं," नीला म्हणाली.

"काकांना पत्र, नागपूरच्या अभयला पत्र, ज्याला बारशानंतर तू पाहिलेलं नाहीस त्या संकेतलासुद्धा पत्र. घर रिकामं आहे म्हणे, या म्हणे. सगळ्या साताऱ्यात चर्चा. माझ्या दाराशी चार माणसं येऊन विचारून गेली, तुम्हाला काय लिहिलंय हो नीलाताईंनी. मी काय सांगू? की मी समस्त परिवारात?"

सुधीरने ट्रंक उचलली. एरवी तो सामानाला हात लावत नसे, हमाल करी.

नीलाने पर्स उघडली आणि कार्ड पुढे केलं. नंदाने काठी काकांच्या हातात दिली, कार्ड उघडलं. घर उभं राहिलं. तिने एकदा वाचलं. मग वरची कोरी जागा पाहिली.

"नाव का नाही?"

"काय लिहावं कळेना."

"आणि ही भोकं?"

"ह्यांनी फाइलला लावलं होतं."

नंदाने ट्रंकेखाली वाकलेल्या मेहुण्याकडे नीट, सावकाश पाहिलं. "ह्यांनीच ना. हं." चार वर्षांचा राग योग्य पत्त्यावर पोचल्यासारखा तिचा चेहरा जरा सैल झाला. मग तिने कार्ड डोळ्यांजवळ नेलं. "ताई, घडी वाकडी आहे."

"तीस वर्षं वाकडीच येतेय."

नंदाने तिथेच, येणाऱ्या-जाणाऱ्यांचे धक्के खात, कार्ड मिटलं आणि अंगठ्याचं नख घडीवरून एकदा ओढलं. पुन्हा उघडलं तेव्हा कललेली मुलगी सरळ उभी होती. भोक होतंच.

घरी काकांनी जाहीर केलं की त्यांना जिना चढवत नाही, ते खालीच झोपतील. वरची खोली नंदाला गेली. चहा होतो तोच शुक्ला आंटी घर सुनं नसल्याची खात्री करायला आल्या आणि मागोमाग रुचिराचा फोन: "मम्मी, टिकट हो गया, भाऊबीज तक पहुँच रही हूँ."

"हे असं सगळेच यायला लागले तर कठीण आहे," सुधीर हळूच म्हणाला. "म्हणून म्हणत होतो, शुद्धिपत्रक. अडतीसच."

नीला त्याला गप्प करणार, तोच नंदाने कप खाली ठेवून टेबलावरची वही उघडली.

"काढायलाच हवं. मिश्रा का कोण, ते बिस्तरा घेऊन आले म्हणजे?" तिने टेबलावरचा कार्डपेपर ओढला, उजेडात धरून त्याचा पोत पाहिला. "मजकूर मी सांगीन. भावजींनी फक्त लिहायचं. घड्या मी घालते. पण अडतीस म्हणजे दोन दिवसांत होतात होय? काही झालं तरी परवा जमणार नाही."

"नाहीच जमणार," नीला म्हणाली.

नंदाने पहिली घडी घातली आणि कागद पुढे सरकवला. नीलाने कात्री घेतली. चाळीस वर्षांचा हात तिचा, एक कार्ड तीन मिनिटांत कापायची. ते पहिलं कार्ड मात्र ती काकांची झोप होऊन ते उठेपर्यंत कापत राहिली.