काहीच नको असलेला माणूस

मृत्युपत्र वाचून झालं. शिवणकामवाल्या काकूंनी चष्मा चढवून पेन उचललं, तेवढ्यात वकिलांनी घसा खाकरला.

"दोन साक्षीदार लागतील. मात्र ज्याला यातून काही मिळणार आहे, त्याची साक्ष चालत नाही."

"हे आधी सांगायला काय धाड भरली होती?"

काकूंचं उद्या ऑपरेशन होतं. काही बरंवाईट झालंच, तर मृत्युपत्राशिवाय घर पुतण्याकडे जाणार आणि बटणताई रस्त्यावर येणार, हे उघड होतं. बटणताई नात्याची कोणी नव्हे. काज-बटणं करायला आली आणि राहिली. काकूंची दुखणीखुपणी काढून स्वतःही पिकली. घर तिलाच, यावर काकू अडून बसल्या होत्या.

वरच्या मजल्यावरच्या नर्सला हाक गेली. तिला काकूंनी मृत्युपत्रात मोठी कात्री ठेवली होती.

"तुझं नाव खोडू का गं?"

"खोडून बघा! उद्या इंजेक्शन कोण देणार आहे?"

खालच्या कुलूपवाल्याला इस्त्री होती, तोही मागे हटेना. जिन्यात सगळी बिल्डिंग जमली, पण काकूंनी कोणालाच वगळलं नव्हतं.

"मग तुम्हीच करा सही," काकू वकिलांवर उखडल्या.

वकील लाजले. "मला भिंतीवरचं घड्याळ ठेवलंय तुम्ही. ते... आवडलंय मला."

तेवढ्यात गर्दी सारत पुतण्या आणि त्याची बायको आत घुसले.

"काकू, हा काय तमाशा? डोकं ठिकाणावर आहे ना?" मग लोकांकडे वळून तो नेहमीचं बोलला, "मला काकूचं काहीएक नको. फक्त आशीर्वाद हवा."

काकूंचा चेहरा उजळला. "वकीलसाहेब, याला काय ठेवलंय मी?"

"काही नाही."

"आणि हिला?"

"सुईसुद्धा नाही."

"बसा रे दोघं. तुमच्यासारखे साक्षीदार शोधून सापडायचे नाहीत."

"अहो, चला घरी," बायको कुजबुजली.

"का? काही हवंय का तुम्हाला?" जिन्यातून नर्स ओरडली. "हवं असेल तर सांगा की सगळ्यांसमोर!"

पुतण्याने इकडेतिकडे पाहिलं. "छे! हवंय कोणाला?"

"मग कर सही. का आजवर नुसतंच बोलत होतास?"

काकूंनी सही ठोकली. पुतण्याने दात-ओठ खात तिच्याखाली आपली केली, त्याखाली बायकोने. मग वकिलांनी सह्यांवरची ओळ मोठ्याने वाचली, "मृत्युपत्र करणाऱ्या बाई पूर्ण शुद्धीत असून त्यांचं डोकं ठिकाणावर असल्याची आमची खात्री आहे."

पुतण्या मटकन खुर्चीत बसला. "बटणताई, घोटभर चहा तरी टाका."

बटणताई डोळे पुसत उठली. काकूंनी तिचा हात धरून तिला खाली बसवलं.

"थांब गं. वकीलसाहेब, याला चहा दिलेला चालेल ना? नाहीतर याला काहीतरी मिळालं, असं व्हायचं."