मेश्राम पोचवायला येतात

इथं आखातात, आमच्या हूरा वस्तीतल्या इमारतीतून कोणीही विमानतळावर निघालं, की तळमजल्यावरचे मेश्राम गाडीची किल्ली बोटात फिरवत दाराशी हजर. बोलवावं लागत नाही. टॅक्सी सांगितली असेल तर ती रद्द करायला लावतात. "भाऊ, माणसानं माणसाला पोचवावं. टॅक्सीवाला काय टाटा करते?"

विमानतळ इथून जेमतेम दहा मिनिटं. तरी मेश्राम चार तास आधीपासून हाकलतात. "यल्ला, काऊन बसून राहिले?" माझ्या बायकोनं चहा विचारला तर, "नको वहिनी, गाडी चालू आहे खाली." प्रवासी आत जाऊन दिसेनासा झाला तरी हे काचेपाशी उभे.

एरवीही त्यांना निवांत बसलेलं मी पाहिलेलं नाही. एसी दुरुस्तीच्या कंपनीत सुपरवायझर आहेत. जेवायला बोलावलं, तर भात वाढायच्या आत त्यांची नजर चपलांकडे.

दरवर्षी सुट्टीत नागपूरला घरी जाणारे मेश्राम यंदा एकटेच लिस्बनला गेले. मुलीची बारावी होती. "मी घरात फिरलो की तिचा अभ्यास होत नाही म्हणे." मॅनेजरनं बजावलं होतं, रविवारी सकाळी कामावर नसलास तर खलास. मागच्या वर्षीही ते उशिरा आले होते, त्यामुळे ही धमकी पोकळ नव्हती.

मेश्राम आले सोमवारी. संध्याकाळी माझ्या दारात उभ्याउभ्याच त्यांनी सगळं सांगितलं.

हॉस्टेलच्या खोलीत सहा पलंग होते. पहिल्याच दिवशी सगळ्यांशी ओळख झाली आणि दुसऱ्या दिवसापासून एकेक जण निघायला लागला. मेश्राम प्रत्येकाला पोचवायला गेले. कोरियन पोरीची बॅग ओढत नेली, तर ती टिप द्यायला लागली. मला मोजायची सवय आहे म्हणून विचारलं. आठवड्यात विमानतळ चार वेळा, नदीकाठचा प्रसिद्ध बुरूज एकदाही नाही.

"बुरूज कुठं जाते भाऊ? माणसं जाऊन राहिली होती."

शेवटी उरली पोलंडची एक निवृत्त शिक्षिका, मार्ता. शनिवारी मेश्राम निघाले तेव्हा तीही मेट्रोत चढली. सगळ्यांना तू सोडलंस, तुला कोण सोडणार, म्हणाली. मेश्राम आत गेले, रांगेला लागले. मागं पाहिलं तर मार्ता अजून उभी. ते रांगेतून बाहेर पडले, तिला घेऊन मेट्रोनं हॉस्टेलवर परत गेले. विमान चुकलं.

"काही विसरलं होतं का?" मी विचारलं.

"नाही. ती एकटी परत जाणार होती."

"अहो, शिकलेली बाई. मेट्रो आहे, पत्ता माहीत आहे."

मेश्रामांनी उलट विचारलं, "तुम्ही कधी कोणाला पोचवून एकटे परत आले का?"

मी आठवून पाहिलं. खरंच नाही. दर वेळी गाडी त्यांचीच, आणि परतताना शेजारी मी.

"चार वर्षांपूर्वी पोरीच्या शाळेसाठी मायलेकी दोघींना नागपूरला धाडलं. पोचवणं सोपं असते भाऊ. नंतर गाडी घराकडं वळत नाही. मी पार दुसऱ्या टोकाला, बुदैयापर्यंत गेलो. तिथं काय काम? काहीच नाही. परत आलो, पुन्हा गेलो."

आतून बायकोनं बसा म्हटलं. ते बसले नाहीत.

"नोकरीचं काय झालं?"

"राहिली. पुढच्या वर्षीची सुट्टी मात्र मफी, नाही म्हणजे नाही."

म्हणजे नागपूर आणखी एक वर्ष लांब गेलं. मी विषय बदलला. "मग रविवारी मार्ताबाई पुन्हा आल्या असतील पोचवायला."

"कशी येईल? बॅग मी आधीच खाली नेऊन ठेवली होती. ती नाश्ता करत होती. म्हटलं, बस तू, मी कोपऱ्यावरून पाव घेऊन येतो."