काडतुसांचं सोवळं

बंदुकीला काडतुसांची खोळ घ्यायची, एवढंच मी ठरवलं होतं. लोक याहून मोठमोठे निर्णय घेतात, चाळी बांधतात, ठरलेली लग्नं मोडतात, आणि त्यांना कोणी हसत नाही. मला मात्र अख्खी डोंबिवली हसली. तेव्हा आधीच सांगून ठेवतो, माझा निर्णय तेव्हाही बरोबर होता आणि आजही बरोबर आहे. हे मनात पक्कं ठेवा, मग काय हसायचं ते हसा.

मी ठाण्याला एका सरकारी कचेरीत कारकून. खडवलीला आमचं वडिलोपार्जित भातशेत होतं, ते काळुराम कसायचा. रानडुकरं पिकाची नासाडी करतात म्हणून वडिलांनी दुनळी बंदुकीचं लायसन काढलं होतं. वडील गेल्यावर बंदूक, लायसन आणि डुकरं अशी तिन्ही माझ्याकडे आली.

पैकी बंदूक आमच्या सुमतीला डोळ्यांसमोर नको होती. ती कपाटात तिच्या शालूंच्या शेजारी उभी असायची (बंदूक, सुमती नव्हे). शालू काढताना आपला नवरा विधुर होणार, अशी तिला दर वेळी खात्री वाटे. त्यातून आदल्या वर्षी एक प्रकार झालेला. मी खडवलीला डुकरावर दोन बार काढले. एक आंब्याच्या झाडाला लागला आणि दुसरा कशालाच लागला नाही. आवाज मात्र दोन्हींचा फार सुंदर झाला. डुक्कर जागचं हललं नाही. मी घाईघाईने कोटाच्या खिशात हात घातला, तर हाताला लागला अडकित्ता. तोच नळीत घालायचा मी थोडा प्रयत्नही केला. काळुरामने ही हकिगत खडवली स्टेशनवर सगळ्यांना सांगितली, आणि मग भाताचं पोतं पोचवायला आला तेव्हा सुमतीला सांगितली.

"अहो, द्या ती बंदूक विकून," सुमती म्हणाली.

"मुळीच नाही! दोष बंदुकीचा नाही, खिशाचा आहे. हाताशी काडतुसं असती तर त्या दिवशी डुक्कर आडवं झालं असतं."

"मग या दसऱ्याला करा आडवं. नाही झालं, तर बंदूक घराबाहेर. कबूल?"

"कबूल!" मी म्हणालो. आवाज जरा चढला होता, त्यामुळे शेजाऱ्यांनाही कबूल झालं.

दुसऱ्याच दिवशी कचेरी सुटल्यावर आमच्या टेबलावरच्या प्रभाकरला घेऊन मी ठाण्यातल्या बंदुकांच्या दुकानात गेलो. शेठने पहिल्यांदा कमरेचा पट्टा काढला. "साहेब, राजे लोक हाच वापरतात." मी श्वास रोखला, प्रभाकरने पट्टा ओढला, शेठने मागून जोर लावला, पण बक्कल काही भोकापर्यंत पोचेना. राजे लोक जेवत नसावेत. मग खांद्यावरून आडवा घालायचा पट्टा आला. तो घालून मी आरशापुढे उभा राहिलो आणि थेट आमच्या साहेबांचा पट्टेवाला गोविंदा दिसलो. हा घालून कचेरीवरून गेलो असतो, तर साहेबांनी मला पाणी आणायला पिटाळलं असतं.

"तिसरी चीज बघा," म्हणून शेठने ती खोळ काढली. पिवळसर चामड्याची, बंदुकीच्या दस्त्यावर चढवायची आणि बंद आवळायचे. तिच्यावर काडतुसं खोचायला सहा घरं. बंदूक खांद्याला लावली की काडतुसं गालाशीच.

"आणि हवी तेव्हा काढून ठेवता येते," शेठ म्हणाला.

"म्हणजे डिटॅचेबल!" प्रभाकर म्हणाला. तो शब्द मला इतका आवडला की खोळ मी तिथेच घेतली. "पण श्रीपाद, नेमाचं काय?" असंही काहीतरी तो पुढे म्हणाला, पण मी तिकडे लक्ष दिलं नाही.

आता खंडेनवमी आली. आमच्या घरी त्या दिवशी विळी, अडकित्ता, कोयता आणि बंदूक यांची पूजा होते. मी बंदूक खोळीसकट, काडतुसांसकट ऐटीत पाटावर आणून ठेवली. आई सोवळ्यात होती. तिने खोळ पाहिली आणि दोन पावलं मागे सरली.

"श्रीपाद, हे चामडं देवापुढे चालायचं नाही."

"आई, तो बंदुकीचाच भाग आहे."

"मग बंदूकही बाहेर ने."

दुसरा कोणी असता तर गोंधळला असता. मी विजयी मुद्रेने सुमतीकडे पाहिलं. "म्हणून तर डिटॅचेबल घेतली!" असं म्हणून बंद सोडले, काडतुसं काढून तबकात मांडली आणि खोळ ओटीवर नेऊन ठेवली. तरी आईची नजर तबकावरच.

"ही त्यातच खोचलेली होती ना?"

"हो."

"म्हणजे चामड्याला शिवलेली. तशीच कशी पुजायची? स्नान घालायला हवं."

"घाल की!"

"अहो, काहीतरीच काय," सुमती मध्ये पडली. "कागदाची आहेत ती. भिजतील."

हे खरं होतं. त्या वेळची काडतुसं म्हणजे बुडाला पितळेची टोपी आणि वर जाड लाल कागदाची नळी. पण दारूगोळ्यातलं बायकोने मला शिकवावं? आणि तेही आईदेखत?

"सुमती, हा विलायती माल आहे. सातासमुद्रांपलीकडून आलाय. तो काय पळीभर पाण्याने भिजणार?"

"समुद्र ओलांडून आलाय?" आई दचकली. "मग नुसतं पाणी नाही चालायचं. पंचामृतच हवं."

आणि आईने ती सहाही काडतुसं ताम्हनात घेऊन त्यांना दूध, दही, तूप, मध, साखर असं यथासांग स्नान घातलं. वर शुद्धोदक. वर गंध. मी शेजारी हात जोडून उभा होतो. मग ती उपरण्याने पुसून पुन्हा खोळीत खोचली. जरा घट्ट गेली. घट्ट गेलेली बरी, मी म्हटलं, वाटेत पडायची नाहीत. सुमती काही बोलली नाही. आमच्या संसारात ती काही बोलत नाही तेव्हा मी सावध व्हायला हवं, पण ते मला नेहमी नंतर आठवतं.

संध्याकाळी खडवलीला काळुरामकडे मुक्कामाला गेलो. सीमोल्लंघन दसऱ्याच्या पहाटेच करायचं होतं. निघताना सुमतीने वचन घेतलं होतं, डुक्कर दिसेपर्यंत बंदूक रिकामी ठेवायची. मी दिलं. वचनाला मी पक्का आहे.

पहाटे मी आणि काळुराम शेतातल्या माळ्यावर चढून बसलो. भात पिवळं झालेलं, बांधावर दव. जरा फटफटलं आणि पलीकडच्या झुडपातून डुक्कर आलं. काळं, जाडजूड, सरळ आमच्या दिशेने नाक वर करून हुंगत येत होतं. खरं सांगतो, माझी छाती धडधडली, पण भीतीने नाही. आता बंदूक घरात राहणार होती.

"भाऊ, आला. भरा," काळुराम कुजबुजला.

मी काडतूस ओढलं. येईना. दुसरं ओढलं. तेही येईना. रात्रभरात कागद फुगून टम्म झाला होता आणि मधसाखरेने चामड्याला घट्ट चिकटला होता. मी दातांनी ओढून पाहिलं. (चव चांगली होती. आईचं पंचामृत पहिल्यापासूनच उत्तम.)

"कोयत्यानं काडू का?" काळुरामने विचारलं.

"अरे नको! आत दारू आहे!"

"पन तो तं माल्याखाली आला ना!"

डुक्कर खरोखरच खाली येऊन उभं होतं. मी हार मानणारा माणूस नव्हे. दस्त्यावरून खोळ सोडवली (हाच तर तिचा गुण) आणि काडतुसं सैल व्हावीत म्हणून माळ्याच्या बांबूवर आपटली. तिसऱ्यांदा आपटताना ती हातातून निसटली आणि थेट त्याच्या नाकापुढे जाऊन पडली.

त्याने ती हुंगली. चाटली. मग पुन्हा अगदी मन लावून चाटली. एवढा वेळ डुक्कर नाक वर करून कशाच्या वासाने येत होतं, ते मला तेव्हा कळलं.

त्याने खोळ तोंडात धरली आणि चालू लागलं.

"भाऊ, मारा ना गोली!"

"कशाने मारू?"

"काडतुसांनी!"

"ती त्याच्याकडे आहेत!"

लायसनवरची काडतुसं गेली की चौकीवर कळवावं लागतं. मी ताठ मानेने गेलो.

"काडतुसं हरवली?" हवालदाराने विचारलं.

"हरवली नाहीत, नेली."

"कोणी? वर्णन सांगा."

"काळा वर्ण, आखूड मान. माझ्यादेखत नेली."

"हत्यार होतं त्याच्याजवळ?"

"दोन सुळे."

हवालदाराने लेखणी खाली ठेवली आणि मला चहा पाजला.

संध्याकाळी आपट्याची पानं घेऊन घरी आलो. सगळं ऐकून आईने आधी हात जोडले. "अरे, वराहावतार! स्वतः येऊन प्रसाद घेऊन गेला. खबरदार त्याच्यावर पुन्हा बंदूक उगारलीस तर!"

सुमती दारात उभी. मी बंदूक छातीशी धरली आणि तिने तोंड उघडायच्या आत सुरुवात केली. "हे बघ, डुक्कर पडलं नाही हे मान्य. पण मला बार काढायची संधीच मिळाली नाही, म्हणून पैज रद्द! खोळीची निवड बरोबर होती. आणि बंदूक या घरातून हलणार नाही. काय वाटेल ते झालं तरी नाही!"

"राहू दे की," ती म्हणाली.

मी तयार ठेवलेली पुढची सहा वाक्यं घशातच राहिली. "म्हणजे? तुझी हरकत नाही?"

"छे हो. मला भीती होती ती तुमच्याकडे बंदूक आणि काडतुसं दोन्ही असण्याची." तिने माझ्या हातून बंदूक घेतली आणि नेऊन शालूंच्या शेजारी उभी केली. पहिल्यांदाच, अगदी निर्धास्तपणे. "आता काडतुसं त्याच्याकडे आहेत, तर काळजी मिटली. आणि खरं सांगू? तुमच्यापेक्षा ते जरा जपून वागेल असं वाटतं."