क्लिटगार्डचा पतंग

मेल्यानंतर नाव मागे राहावे यासाठी माणसाला तीनच मार्ग मोकळे आहेत : अपत्य, पुतळा आणि दिव्यावर येणारा पतंग. पैकी पतंग सर्वांत टिकाऊ, हे डेन्मार्कच्या उत्तर भागातल्या आमच्या कीटक मंडळाने सिद्ध केले आहे. मंडळाचे सभासद तेवीस. एकोणीस जणांच्या नावाचे पतंग आहेत, तिघे गेल्याच वर्षी आलेत, आणि परवापर्यंत उरलेला एक म्हणजे निवृत्त दंतवैद्य प्रेबेन क्लिटगार्ड.

एका जूनमध्ये प्रेबेनच्या न्हाणीघराच्या खिडकीवर चार मिलिमीटरचा (मिशा धरून पाच) पतंग येऊन बसला. रंग करडा. अधिक तपासाअंती करडाच. नवीन जात! प्रेबेन टॉवेलवरच नाचला.

परंतु आपण शोधलेल्या जिवाला आपलेच नाव देणे हा सभ्य लोकांत निर्लज्जपणा समजला जातो. (एकमेकांची नावे देणे याला विज्ञान म्हणतात.) शिवाय करड्या पतंगांतले कळणारा माणूस देशात एकच, गुन्नर थोरुप. आणि त्यालाच प्रेबेनने अकरा वर्षांपूर्वी भर सभेत रंगांधळा म्हटले होते.

"जा आता, धर त्याचे पाय," बायको बोडिल म्हणाली.

"मी? त्या खडूसाचे?"

"मग मर बिननावाचा. माझं काय जातंय!"

प्रेबेन बदामाची क्रिंगल मिठाई घेऊन गेला. गुन्नरने ती एकट्याने संपवली, मग भिंग उचलले.

"तुझंच नाव देतो की रे. पण वर्णन मी लिहिणार. त्यातलं एक अक्षर हलवायचं नाही."

"लिही बाबा, काय लिहायचं ते लिही!"

वसंतात चौदा पानी निबंध छापून आला. "क्लिटगार्डचा पतंग : आकार क्षुद्र. रंग मळकट, डोक्याकडे पांढरट. लक्षात राहील अशी खूण नाही. उजेड दिसला की धावतो; पोहोचल्यावर काय करावे हे त्याला कळत नाही. उपद्रव नाही, उपयोगही नाही. खरी ओळख मेल्यावरच पटते."

प्रेबेनने ते पान चौकटीत घालून दिवाणखान्यात लावले. इतका सुखी माणूस आमच्या गावाने पाहिलेला नाही. येणारे-जाणारे मात्र ते वाचतात आणि तोंडाला रुमाल लावतात.

वाचकही हसले असतील. त्यांनी हेच वर्णन एकदा आरशासमोर उभे राहून मोठ्याने वाचावे. जुळल्यास मंडळाला कळवावे. दुसरा नमुना अद्याप मिळालेला नाही. टाचणी मंडळातर्फे दिली जाईल.