इनासकाकांची राहिलेली दुरुस्ती

इनासकाकांनी मयताच्या घरी जाऊन मयताचंच वय दुरुस्त केलं, तेव्हापासून आमच्या गिरीज गावात त्यांना बघून लोक आकडा तोंडात आला तरी गिळतात. बिचारा मुलगा रडत सांगत होता, बाबा एकोणऐंशी वर्षांचे होते. मागून काकांचा हात वर. "दुरुस्ती घ्या. ऐंशी पूर्ण."

जमीन मोजणीच्या कचेरीत उभा जन्म काढलेला माणूस. घरात गावची बोली, पण चूक दिसली की थेट दफ्तरी मराठी. मी त्यांच्या वाडीशेजारच्या इमारतीत वीस वर्षं राहतोय, म्हणजे माझ्या वाट्याला किती दुरुस्त्या आल्या असतील ते विचारूच नका. फादरांनाही त्यांनी आमच्या देवळात, म्हणजे चर्चमध्ये, भर मिस्सात सोडलेलं नाही. फादर आता प्रवचनात साल सांगायच्या आधी काकांकडे बघतात.

त्यांना गप्प करू शकणारी एकच बाई होती, त्यांची बायको कात्रीनकाकी. सुकेळी करावी तर तिनंच. वाडीमागे पोर्तुगीज काळातलं एक पडकं कोठार आहे. छप्पर कधीच गेलेलं, पण आतली दगडी फरसबंदी उन्हात चांगली तापते. तिथे काकी गोल परड्यांमध्ये सोललेली राजेळी केळी वाळत घालायची. वर्षानुवर्षं रस ठिबकून दगडांवर काळी वर्तुळं उठली होती. केळीचा डाग तो, जातोय कसला! काका परड्यांमधलं अंतर चुकलं म्हणून सांगायला गेले की काकी म्हणायची, "मोजणी पुरे, कावळे हाकल." आणि काका खरंच काठी घेऊन कावळे हाकलत बसायचे.

काकी गेली आणि काही वर्षांनी त्या कोठाराचं पर्यटक माहिती केंद्र करायचं ठरलं. आपोआप उघडणारं काचेचं दार, एसी, कॉफीचं यंत्र, आणि खाली सगळीकडे गुळगुळीत ग्रॅनाइट. फरसबंदी झाकू नये म्हणून काकांनी तीन अर्ज केले. कारण विचारलं तर सांगता येईना. बायकोच्या केळ्यांचे डाग आहेत, असं अर्जात कोण लिहिणार? ग्रॅनाइटचा ट्रक दारात आला, त्या दिवशी काका जेवले नाहीत.

आणि मुंबईहून पुरातत्त्वाच्या एक तज्ज्ञ मॅडम पाहणीला आल्या. वर्तुळं बघून त्या तिथेच मांडी घालून बसल्या. सारखाच आकार, सारखंच अंतर! त्यांनी टेप लावला, फोटो काढले आणि निकाल दिला की इथे वाईनची पिंपं ठेवत असत. ग्रॅनाइट परत गेलं. वर्तुळांवर जाड काच बसली, शेजारी पाटी लागली: 'पोर्तुगीजकालीन मद्यसाठ्याच्या खुणा'.

अरे देवा! ज्या बाईनं सख्ख्या दिराला पिऊन आला म्हणून लग्नाच्या मांडवातून उठवलं होतं, तिच्या सुकेळीची दारू झाली.

उद्‌घाटनाला अर्धा गाव आला होता तो काकांसाठी. ती सुकेळी न खाल्लेला त्यात एकही नसेल. मॅडमनी पिंपांची हकिगत रंगवून सांगितली आणि सगळ्यांच्या माना काकांकडे वळल्या. काकांचा हात हळूहळू वर गेला. आता खरं सांगितलं तर ती काच निघणार आणि ग्रॅनाइट परत येणार.

"ही काच रोज पुसणार ना?" काकांनी विचारलं.

मॅडम म्हणाल्या, हो, रोज. काकांनी हात खाली घेतला. आणि आमचा गाव एरवी इतका तोंडाळ, पण त्या दिवशी कुणी हूं की चूं केलं नाही. मला गावाचा फार अभिमान वाटला.

परतताना मी त्यांना जरा छेडलं. म्हटलं, काका, आज एक दुरुस्ती राहिली.

काकांनी वाडीच्या फाटकाची कडी काढली. मग म्हणाले, "ती गेली, ही नोंद मी सगळीकडे करून घेतली. देवळाच्या पुस्तकात, रेशनकार्डावर, सातबाऱ्यावर. ती होती, ही नोंद तेवढी त्या काचेखालीच आहे."

मी काहीतरी बोलायचं म्हणून म्हटलं, काकीला जाऊन चार वर्षं झाली, नाही का?

"दुरुस्ती घ्या," काका म्हणाले. आणि पुढचा आकडा त्यांना काही सांगता आला नाही.