पोटरीने पसंत केलेलं घर

"चालण्यात मला हरवणारा अजून जन्माला यायचाय!" असं बायकोला छातीठोकपणे सांगून मी निघालो, आणि कोपरा गाठायच्या आत पोटऱ्यांनी संप पुकारला!

माझ्या पायांकडे रक्त येतं ते रुसलेल्या सुनेसारखं. उंबऱ्यापर्यंत येतं नि माघारी फिरतं. व्यायामवाल्या बाईंनी बजावलं होतं, "दुखेपर्यंत चाला, थांबा, कळ गेली की पुन्हा चाला. अंतर वाढलं नाही, तर ऑपरेशन!" चालायला माझी ना नव्हती हो. लाज वाटायची ती थांबण्याची! भर रस्त्यात थकल्या बैलासारखं काय उभं राहायचं?

म्हणून मी थांबलो, की काहीतरी न्याहाळत असल्याचं सोंग करायचो. आणि कळ रोज नेमकी एकाच फाटकाशी यायची. वर पाटी: 'घर विकणे आहे.'

एका सकाळी मालक बाहेर आले. "रोज बघताय. आवडलंय ना?"

'पाय दुखतोय,' एवढंच म्हणायचं होतं. पण जीभ वळली तर शपथ! म्हणालो, "उजेड छान येतो."

"मग गच्चीवरून बघा की!"

तीन जिने! वर पोचलो आणि गच्चीलगतच्या खोलीत मालकांच्या पलंगावर बसलो तो बसलोच. तेवढ्यात बायकोचा फोन. मला जिन्यांनी दम लागलाय असं वाटून मालकांनीच उचलला. "वहिनी, या लवकर. यांना घर पसंत पडलंय!"

ती धापा टाकत आली. "मला न विचारता घर? आणि कुणासाठी हो हे दुसरं बिऱ्हाड?"

"अगं... पाय दुखत होते."

मालक हळूच म्हणाले, "तुमच्या भरवशावर सकाळीच एका गिऱ्हाइकाला नाही म्हटलं मी."

धरणीमाते, पोटात घे! पण धरणीही तीन मजले खाली.

त्या भल्या माणसाने दुसऱ्या दिवशी फाटकाशी माझ्यासाठी खुर्ची मांडली. त्या खुर्चीच्या लाजेने मी कळ गिळून, मान खाली घालून पुढे सटकू लागलो. अंतर वाढलं! ऑपरेशन टळलं! व्यायामवाल्या बाई सगळ्यांना माझं उदाहरण देतात.

आता कळ येते पुढच्या फाटकाशी. तिथल्या मावशींनी काल विचारलं, "काय शोधताय?"

आणि मी, निर्लज्ज, म्हणालो, "मांजर हरवलंय आमचं."

मावशी अजून शोधतायत.