ओरखड्यांची वही

करोल बागेत साडीच्या एका दुकानाच्या जिन्याखाली मेश्रामकाका बसतात. बंद घड्याळ घेऊन गेलात तर ते कधी बंद पडलं हे विचारत नाहीत. डोळ्याला भिंग लावून घड्याळाच्या अंगावरचा एकेक ओरखडा बघतात आणि मान वर न करता विचारतात, "हा कुठला?"

नीट उत्तर मिळाल्याशिवाय घड्याळ उघडत नाहीत. उत्तर एका वहीत लिहिलं जातं. ती वही मी चोरून वाचली आहे. 'डावीकडे, खोल. बायकोशी भांडताना फ्रिजवर आपटलं. चूक नवऱ्याची.' शेवटचा शेरा काकांचा स्वतःचा. नागपूरचा माणूस दिल्लीत कितीही वर्षं राहिला तरी निकाल दिल्याशिवाय त्याला चैन पडत नाही.

चावीच्या घड्याळांशिवाय दुसऱ्या कशाला ते हात लावत नाहीत. सेल टाकायला कुणी आलं तर चुकीच्या लग्नात शिरलेल्या पाहुण्यासारखं त्याला हळूच समोरच्या दुकानाची वाट दाखवतात. आणि वरची धातूची केस घासून चमकवायला तर साफ नकार. "आतलं सगळं धुतो, वरचं सांभाळतो," हे दिवसातून दहादा.

एकदा एक नवरदेव आजोबांचं घड्याळ घेऊन आला. "अंकल, शादी है मेरी, बस चमका दो."

"शादी तुम्हारी है, घड़ी दादाजी की है," काका म्हणाले.

तो तणतणत गेला. दोन दिवसांनी मुकाट्याने परत आला, कारण ते घड्याळ चालू करणारा दुसरा कुणी त्याला सापडला नव्हता.

काकू सरकारी नोकरीत होत्या, तेव्हा सरोजिनी नगरच्या क्वार्टर्समध्ये आम्ही शेजारी. काकांचा हा हट्ट मी तेव्हापासून चेष्टेवारी नेत आलो. गेल्या हिवाळ्यात माझे बाबा गेले आणि त्यांचं घड्याळ घेऊन मीच जिन्याखाली जाऊन बसलो.

"ही कुठली?" काचेच्या कडेला एक आडवी खोल रेघ होती.

"माहीत नाही, काका."

"कधी विचारलं नाहीस?"

बाबांच्या मनगटावर ती रेघ मी लहानपणापासून पाहत होतो. आता कुणाला विचारणार? भर बाजारात मला रडू आलं. काकांनी वहीत तेवढी जागा मोकळी सोडली आणि चहा मागवला.

चहा अर्धा झाल्यावर म्हणाले, "सुमितचं घड्याळ मी चमकवलं होतं."

सुमित त्यांचा एकुलता एक मुलगा. मानेसरच्या एका कारखान्यात होता. सकाळी कंपनीची बस पकडायला रस्ता ओलांडताना गेला. एवढं मला ठाऊक होतं, पुढचं नव्हतं.

"घड्याळ पिशवीत घालून दिलं आम्हाला. आठ दिवस खपलो त्याच्यावर. नवी काच बसवली, केस घासून काढली. कारागिराचा हात, यार, खराब दिसलं की घासतोच. म्हटलं, तुझ्या काकूला त्या सकाळची एकही खूण दिसायला नको. तिने उलटसुलट करून पाहिलं. म्हणाली, 'कूलरच्या जाळीची रेघ कुठाय?' बारावीत दिलं होतं मी त्याला, पहिल्याच उन्हाळ्यात कूलरला घासलं होतं. मी विसरलोच होतो. तिने खाली ठेवलं. म्हणाली, हे आपल्या सुमितचं नाही."

त्यांनी स्वेटरची उजवी बाही वर सारली. त्या मनगटावर घड्याळ होतं. डाव्या हातावर त्यांचं स्वतःचं होतंच.

"रोज इथे आलो की घालतो. संध्याकाळी ड्रॉवरमध्ये ठेवून घरी जातो. म्हटलं, जरा जुनं दिसायला लागलं की तिला परत दाखवीन."

मी ते दिव्याखाली वळवून पाहिलं. केसवर बारीक रेघांचं जाळं झालं होतं.

"आता दाखवा की," मी म्हणालो.

"ओरखडे भरपूर पडलेत रे," काका बाही खाली ओढत म्हणाले, "पण सगळे माझे आहेत."